गुराबेपासून टी-८० पर्यंत : कल्याणच्या खाडीकाठचा शस्त्रनामांचा इतिहास

ठाणे शहराच्या उत्तर अंगाला उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या कोलशेतचे नाव आज मुख्यतः निवासी संकुलांच्या आणि रेतीबंदराच्या संदर्भात घेतले जात असले, तरी भारतीय वायुदलाचे ठाणे असलेले हे गाव एका जुन्या लष्करी जलमार्गाच्या मध्यावर उभे आहे. खाडीच्या पलीकडच्या काठावर भिवंडी तालुक्यातील काल्हेर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला कल्याण, खालच्या अंगाला घोडबंदर आणि मुखाशी वसई अशी या जलमार्गाची मांडणी असून, गेल्या चार शतकांत पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांनी त्याच्या काठांवर सत्ता गाजवली व स्वतंत्र भारताच्या संरक्षणदलांनीही येथे आपली ठाणी मांडली. या प्रत्येक सत्तेने आपल्या जहाजांना आणि तोफांना वेगळ्या रीतीने नावे दिली, आणि ही रीत प्रत्येक वेळी त्या सत्तेच्या कारखान्यातून, कोठारातून आणि हिशेबाच्या वहीतून घडली. शस्त्राचे नाव हा शौर्याचा अलंकार मानण्याचा प्रघात असला, तरी त्या नावाचा उगम बहुतेक वेळा रणांगणापेक्षा कोठीत सापडतो, हे या खाडीच्या परिसरातील उदाहरणांवरून स्पष्ट होते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे तीन संज्ञा वापरल्या आहेत. एकाच घडणीच्या सर्व वस्तूंना मिळून जे नाव असते ते प्रकारनाम, जसे गुराब किंवा जंबुरक. एकाच वस्तूचे स्वतःचे जे नाव असते ते विशेषनाम, जसे मुलूख मैदान किंवा विक्रांत. आणि अक्षरे व अंक यांच्या ठरावीक जुळणीतून वस्तूचा वर्ग, नमुना व त्या नमुन्यात पुढे झालेला बदल सांगणारा जो संकेत असतो तो नामसंकेत, जसे टी-७२ किंवा १ए१. पहिले दोन प्रकार फार प्राचीन आहेत. तिसरा मात्र यंत्रयुगाचा आहे आणि तो का जन्माला आला हे समजण्यासाठी त्याच्याविना चाललेल्या काळाकडे आधी पाहावे लागते.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण आणि भिवंडी ही ठाणी घेतली आणि त्यानंतर थोड्याच काळात या खाडीत लढाऊ जहाजे बांधण्यास सुरुवात झाली. या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर, त्याचा मुलगा आणि त्यांच्या हाताखालची माणसे होती. ही जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध वापरली जाणार असे सांगितले जात असले, तरी उद्या त्यांचा रोख आपल्याकडे वळेल अशी भीती वाटून वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी या कारागिरांचे मन वळवले व ते काम सोडून निघून गेले. १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथील या जहाजबांधणीची दखल घेतलेली आहे. कारागीर गेले तरी काम थांबले नाही, आणि पुढील दोन दशकांत मराठ्यांचे आरमार कोकणच्या किनाऱ्यावर एक शक्ती म्हणून उभे राहिले.

या आरमाराची नोंद कशी ठेवली गेली हे पाहणे उद्बोधक आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत आरमाराचे वर्णन गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे आणि पगार अशा प्रकारनामांच्या मालिकेने केले आहे. एकेका जहाजाचे विशेषनाम त्या यादीत येत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रातही हीच दृष्टी आहे. जहाजे फार थोर नसावीत आणि फार लहानही नसावीत, ती मध्यम रीतीची असावीत, आणि पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असा त्या ग्रंथातील विचार आहे. म्हणजे राज्यकर्त्याला हवी असलेली माहिती प्रकारनाम आणि संख्या या दोनच गोष्टींत पूर्ण होत होती, कारण प्रकारनामातच जहाजाचे काम, त्याची खोली, त्यावरील माणसे आणि तोफा यांचा अंदाज सामावलेला होता.

गुराब या शब्दाचे मूळ अरबी असून त्या भाषेत त्याचा अर्थ कावळा असा होतो. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दिलेल्या वर्णनानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टन भाराची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंतची असे. तिचा तळ उथळ असे आणि नाळ, म्हणजे जहाजाचा पुढचा निमुळता भाग, पाण्याच्या पातळीवरून लांबवर पुढे आलेली असे. मुख्य तक्त्यावर पुढच्या दिशेला रोखलेल्या दोन मोठ्या तोफा ठेवून त्या नाळेवरून मारा करीत आणि बाजूच्या तोफा त्यांहून हलक्या असत. गलबत हे रचनेने गुराबेसारखेच पण पुष्कळ लहान, बहुधा ७० टनांच्या आतले असे; त्यावर चाळीस ते पन्नास वल्ही चालत आणि लहान, फिरत्या बैठकीच्या तोफा बसवलेल्या असत. वारा पडला की गलबतांनी गुराबेला दोराने ओढत शत्रूच्या पिछाडीस न्यावे आणि तेथून गुराबेने आपल्या पुढच्या तोफा डागाव्यात, असा हा जोडीचा डाव होता. त्यामुळे आज्ञापत्रातील पाचास पंधरा हे प्रमाण केवळ हिशेबाची सोय म्हणून आलेले नाही, तर त्यामागे लढाईचा प्रत्यक्ष अनुभव असावा असे मानण्यास जागा आहे.

या जहाजांना नामसंकेताची गरज नव्हती, याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. कोकणातील मिस्त्री सागवान निवडून नजरेच्या आणि परंपरेच्या मापाने जहाज उभे करीत, आणि दोन गुराबा एकाच गोदीत, एकाच हाताखाली तयार झाल्या तरी एकीची फळी दुसरीला तंतोतंत बसत नसे. तुटलेला भाग कोठारातून आणला जात नसे, तो जागेवर तासून बसवला जाई. जेथे सुटा भाग आधीपासून तयार ठेवलेला नसतो, तेथे तो कोणत्या नमुन्याचा आहे हे सांगणाऱ्या अंकाचेही काही काम नसते. मराठी राज्यव्यवस्थेकडे काटेकोर नोंदीची सवय नव्हती असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. दप्तरांतील जमाखर्चाचे तपशील पाहिले तर तो साफ चुकीचा ठरतो. नोंद काटेकोर होती, पण तिला लागणारे प्रश्न वेगळे होते.

तोफांच्या बाबतीत हे वेगळेपण अधिक ठळक दिसते. हिंदुस्थानातील तोफखान्यात तोफेचे प्रकारनाम पुष्कळदा ती कशावरून वाहून नेतात यावरून पडले. माणसाने उचलून नेण्याजोगी ती नरनाळ, हत्तीवरची ती गजनाळ आणि उंटावरची ती शुतरनाळ. यांतील नरनाळ आणि गजनाळ ही नावे अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीतही आढळतात. उंटाच्या खोगिरावर फिरत्या खिळीवर बसवलेल्या लहान तोफेला जंबुरक किंवा जंबुरा असेही म्हणत, आणि हे नाव फारसीतील गांधीलमाशीवाचक शब्दावरून आले आहे. तटावर टेकवून डागायच्या लांब नळीच्या भारी बंदुकीला जेजाल म्हणत, तर आखूड व रुंद तोंडाची, गोळा उंच उडवून तटाच्या आत टाकणारी तोफ ती उखळी तोफ. सह्याद्रीच्या घाटांतून, पावसाळ्यात चिखल होणाऱ्या मैदानांतून आणि पूल नसलेल्या नद्यांतून सैन्य नेणाऱ्या सरदाराला पहिला प्रश्न पडे तो तोफ पोहोचणार कशी हाच, आणि नावाने त्याच प्रश्नाचे उत्तर आधी दिले.

याच काळात वसईपासून कल्याणच्या खाडीपर्यंत दबदबा असलेल्या पोर्तुगिजांची रीत निराळी होती. युरोपातील सोळाव्या शतकाच्या प्रथेप्रमाणे तोफांच्या आकारांना पशुपक्ष्यांची आणि सर्पांची नावे देत; पोर्तुगिजांच्या फाल्कांव या तोफेचे नाव ससाण्यावरून, तर कामेलो या तोफेचे नाव उंटावरून आले होते, आणि बेर्सो, म्हणजे पाळणा, हे नाव मागच्या बाजूने दारू भरण्याच्या लहान फिरत्या तोफेला होते. असे नाव ऐकताच गोलंदाजाला नळीची लांबी आणि गोळ्याचा अदमास कळे, पण ओतणाऱ्यागणिक मापे बदलत आणि एका ससाण्याचा गोळा दुसऱ्या ससाण्याला बसेलच याची खात्री नसे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्रजांनी हा गोंधळ मोडून तोफेला तिच्या लोखंडी गोळ्याच्या वजनावरून ओळखण्याची पद्धत रूढ केली; सहा पौंडी, नऊ पौंडी, बारा पौंडी अशी ही नावे नीरस वाटली, तरी कोणत्या तोफेला कोणता गोळा पुरवायचा हे कोठीवाल्याला त्यांतून एका शब्दात समजे. नामसंकेताच्या दिशेने पडलेले हे पहिले निश्चित पाऊल होते, आणि ते पडले दारूगोळ्याच्या पुरवठ्यासाठी.

विशेषनामे मिळाली ती मुख्यतः प्रचंड तोफांना. यांत दख्खनमध्ये मुलूख मैदानाची योग्यता सर्वांत मोठी आहे. ही तोफ निजामशाहीच्या काळात १५४९ साली अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी या ओतकाम करणाऱ्याने घडवली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते असे सांगतात आणि तिच्या तोंडाशी हत्तीला जबड्यात धरणारा सिंह कोरलेला आहे. परांडा किल्ल्यावर असलेली ही तोफ १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंतांनी विजापुरास नेली आणि तेथील बुरुजावर ती आजही आहे. १६८६ साली आदिलशाही बुडवल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरवला. एकाच ओतीव धातूच्या देहावर एकापाठोपाठ एक सत्ता आपले नाव कोरत जाते, पण तोफेचे मूळ नाव मात्र पुसले जात नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८५४ मध्ये ही तोफ लिलावात अवघ्या १५० रुपयांना गेली होती, आणि तो व्यवहार रद्द झाला म्हणूनच ती वाचली. दीडशे रुपयांचे ते मोल धातूचेही नव्हते. मराठीत मात्र तिने कायमचे घर केले असून सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आजही मुलुखमैदानी तोफ म्हटले जाते.

देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावरील मोठ्या तोफेची कथा याहून बोलकी आहे, कारण तिला दोन नावे आहेत. तिच्यावर कोरलेले फारसी नाव किल्ला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी, असे असताना लोकांनी मात्र तिच्या मागच्या टोकाला असलेल्या मेंढ्याच्या मस्तकावरून तिला मेंढा तोफ म्हटले, आणि हेच नाव टिकले. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या किल्ल्यावरील कलाल बांगडी, चावरी आणि लांडा कासम ही नावेही अशीच लोकांच्या तोंडी राहिलेली आहेत. राजाने दिलेले नाव तोफेने काय करावे हे सांगते, लोकांनी दिलेले नाव ती कशी दिसते हे सांगते. आणि फारसी जाणणारे कमी झाल्यावर कोरीव लेख जेव्हा मुका झाला, तेव्हा दिसण्यावरून पडलेल्या नावानेच त्या तोफेची ओळख पुढच्या पिढ्यांना करून दिली. लोकनामांकडे अडाणीपणाचे लक्षण म्हणून पाहणाऱ्या जुन्या पुरातत्त्वीय लेखनाने या बाबतीत अन्याय केला आहे.

मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले, १७३९ साली वसई घेतली, आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. या उलथापालथीत तोफा जागच्या जागी राहून धनी बदलत गेले, त्यामुळे कोकणच्या किल्ल्यांवर आज आढळणाऱ्या तोफांचे मूळ ओळखण्यासाठी त्यांच्यावरील खुणा हाच भरवशाचा आधार ठरतो. इंग्रजी तोफांवर राजाच्या नावाची अक्षरमुद्रा असते, ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांवर हृदयाच्या आकृतीत बसवलेली कंपनीची अक्षरे असतात, डच कंपनीच्या तोफांवर तिच्या आद्याक्षरांची एकात एक गुंफलेली मुद्रा दिसते, तर पोर्तुगीज तोफांवर राजचिन्ह असते. इंग्रजी तोफांवर पुष्कळदा तीन अंक ओळीने कोरलेले दिसतात आणि अनेक जण ते साल किंवा अनुक्रमांक समजतात. प्रत्यक्षात ते वजन असते. पहिला अंक हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंडांचे माप, दुसरा त्याचा चतुर्थांश, म्हणजे २८ पौंडांचे माप, आणि तिसरा सुटे पौंड सांगतो. ९-२-१४ असे कोरलेले असेल तर त्या तोफेचे वजन १००८, ५६ आणि १४ मिळून १०७८ पौंड, म्हणजे सुमारे ४८९ किलो होते. गाडा किती भक्कम हवा आणि जहाजाच्या कोणत्या बाजूला किती भार पडेल हे यावरून ठरत असल्याने धातूवर कोरलेला हा आकडा म्हणजे तोफेचा व्यवहारातला परिचयच होता.

खऱ्या अर्थाने नामसंकेताची व्यवस्था आली ती एकोणिसाव्या शतकात, जेव्हा एका बंदुकीचा सुटा भाग त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बंदुकीला बसू लागला. हजारो सारख्या बंदुका तयार होऊ लागल्या की नमुन्यात केलेला लहानसा बदलही नोंदवावा लागतो, कारण तो न नोंदवल्यास पुण्याच्या किंवा जबलपूरच्या कोठारातून निघालेली कमान सरहद्दीवरच्या बंदुकीला बसणार नाही. ब्रिटिशांनी यासाठी मार्क ही संज्ञा वापरली. नमुन्यातील प्रत्येक मान्य बदलाला पुढचा मार्क, आणि बदल किरकोळ असेल तर त्याच मार्कापुढे तारका. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांच्या हाती असलेल्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीचे नाव मार्क ३ तारका असे होते, आणि १९२६ साली ब्रिटिशांनी आपली पद्धत बदलून तीच रायफल क्रमांक १, मार्क ३ तारका अशी नोंदवली. रायफलीत काहीही बदलले नव्हते, केवळ नोंदवही बदलली होती; एवढ्यावरून नामसंकेत वस्तूपेक्षा वहीचा किती असतो हे ध्यानात येते. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ही रायफल स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली.

स्वतंत्र भारताने या वारशात स्वतःच्या सोयीने फेरफार केले. ब्रिटिशांच्या स्वयंभरणी रायफलीचा नामसंकेत एल१ए१ असा होता, ज्यात एल हे अक्षर भूसेनेचे साहित्य दर्शवी, पहिला अंक नमुन्याचा आणि ए१ म्हणजे त्या नमुन्याचे पहिले रूप. इशापूरला १९६० च्या दशकात तयार झालेल्या ७.६२ मिलिमीटर रायफलीला मात्र एल वगळून १ए१ असे नाव दिले गेले. जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीवर नव्या काडतुसासाठी बनवलेली रायफल २ए१ झाली आणि स्टर्लिंग जातीची ९ मिलिमीटर कार्बाइनही १ए१ म्हणूनच नोंदली गेली. रायफल आणि कार्बाइन या दोघींचा संकेत एकच असल्याने नुसते १ए१ म्हणून भागत नाही, शस्त्राचा वर्ग आणि नळीचा व्यास आधी सांगावा लागतो. पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रसंशोधन संस्थेने पुढे आरेखित केलेल्या ५.५६ मिलिमीटर इन्सास रायफलीतही १बी१ असे जे रूप आहे, ते याच वळणाचे अपत्य आहे.

तोफांच्या बाबतीत पौंडांची जुनी रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. भारतीय तोफखान्याने १९७१ च्या युद्धापर्यंत वापरलेली पंचवीस पौंडी तोफ ही त्या परंपरेतील अखेरची मोठी तोफ. तिच्या नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर असूनही तिची ओळख गोळ्याच्या वजनानेच राहिली. तिच्यानंतर मात्र व्यास आणि लांबी यांची भाषा आली. विमानवेधी एल-७० या तोफेच्या नावातील ७० म्हणजे नळीची लांबी तिच्या व्यासाच्या सत्तर पट, म्हणजे ४० मिलिमीटर गुणिले ७०, किंवा २.८ मीटर. मार्च १९८६ मध्ये ज्या ४१० तोफांचा करार झाला त्या बोफोर्सचा स्वीडिश संकेत एफएच-७७बी असा असून त्यातील पहिली दोन अक्षरे मैदानी हॉवित्झर दर्शवतात, ७७ हा अंक वर्षाचा आहे आणि बी हे अक्षर दुसऱ्या रूपाचे आहे. तिची नळी ३९ व्यासांची होती. तिच्यावरून भारतात विकसित झालेल्या धनुषची ४५ व्यासांची, आणि पाषाणच्याच संस्थेने आरेखित केलेल्या ओढत नेण्याच्या प्रगत तोफेची ५२ व्यासांची आहे. १५५ मिलिमीटरला या आकड्यांनी गुणले की अनुक्रमे सुमारे ६.०५, ६.९८ आणि ८.०६ मीटर लांबी मिळते, आणि नळी जितकी लांब तितका दारूच्या वायूला गोळा ढकलण्यास अवधी अधिक, म्हणून पल्लाही वाढतो. धनुष हे नाव भाषणात येते, १५५/४५ हे गोलंदाजाच्या कामाचे असते.

वायुदलाच्या नामपद्धतीत तर एकाच विमानाला तीन-चार नावे एकाच वेळी असतात. मिग-२१ मधील मिग ही मिकोयान आणि गुरेविच या आरेखकांची आद्याक्षरे आहेत. सोव्हिएत रिवाजानुसार लढाऊ विमानांना विषम अंक देत, म्हणून १५, १७, १९, २१ अशी मालिका चालते. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनलेल्या मिग-२१ एफएल या रूपाला वायुदलात टाइप ७७ म्हणत. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या नाटो संघटनेने मात्र सोव्हिएत विमानांची खरी नावे कळेपर्यंत काम अडू नये म्हणून स्वतःची टोपणनावे ठरवली, ज्यांत लढाऊ विमानाचे नाव एफ अक्षराने सुरू होई आणि जेट असल्यास ते दोन उच्चारखंडांचे असे. त्यामुळे मिग-२१ हे फिशबेड आणि मिग-२९ हे फल्क्रम झाले. भारतीय वायुदलाने यांतले काहीही न घेता मिग-२९ ला बाज, मिग-२७ ला बहादूर, जग्वारला शमशेर, मिराज-२००० ला वज्र आणि आयएल-७६ या मालवाहू विमानाला गजराज म्हटले. सुखोई-३० एमकेआय मधील शेवटचे अक्षर भारताचे आहे आणि ही विमाने ओझरलाच बनली. हलक्या लढाऊ विमानाला २००३ साली तेजस हे नाव मिळाले, तरी त्याच्या सुधारित रूपाला मार्क १ए असेच म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून या रूपाचे पहिले विमान उडाले, तेव्हा संस्कृत विशेषनाम आणि ब्रिटिश लष्करी कोठीतला मार्क एकाच धडावर नांदत होते.

नौदलाने जहाजांची विशेषनामे जपली, कारण जहाज हे खलाशांचे घरही असते. १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर जहाजांच्या नावामागील राजेशाही उपपद जाऊन आयएनएस आले. लोणावळ्याच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्राला शिवाजी महाराजांचे नाव १९४५ मध्ये, म्हणजे ब्रिटिश अंमल असतानाच मिळाले होते, आणि मुंबईतील नौदल तळाला १९५१ मध्ये आंग्रे हे नाव देण्यात आले. माझगाव गोदीत बांधलेल्या पाणबुड्यांपैकी खांदेरी हे नाव महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी केलेल्या बेटाचे, तर करंज हे मुंबईच्या दक्षिणेकडील बेटाचे आहे. विशेषनामाच्या जोडीला जहाजाच्या अंगावर अक्षर आणि अंक रंगवतात, ज्यातील अक्षर वर्ग सांगते. विनाशिका मुरगाव ही डी६७ आहे, आणि २०२२ मध्ये सेवेत आलेल्या नव्या विक्रांतला १९६१ च्या जुन्या विक्रांतचाच आर११ हा संकेत दिला आहे. अंकालाही वारसा असू शकतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

लहान नौकांना मात्र विशेषनाम मिळतेच असे नाही. गोवा शिपयार्डने इस्रायली सहकार्याने बांधलेली आणि १९९८ मध्ये सेवेत आलेली जलद हल्ला नौका केवळ टी-८० या नावाने तेवीस वर्षे महाराष्ट्र आणि गुजरातच्या उथळ किनारी पाण्यात गस्त घालत राहिली आणि त्यानंतर मुंबईत निवृत्त झाली. तिच्या मूळ इस्रायली नमुन्याचे नाव सुपर द्वोरा, आणि द्वोरा म्हणजे हिब्रू भाषेत मधमाशी. उंटावरच्या जंबुरकाचे नाव ज्या कल्पनेतून आले, त्याच कल्पनेतून हेही नाव आलेले दिसते. टी-८० याच नावाचा एक सोव्हिएत रणगाडाही आहे, पण तेथील टी हे अक्षर रणगाड्याचे असून या नौकेशी त्याचा काहीही संबंध नाही. नामसंकेत ज्या वहीत लिहिला आहे ती वही हाती नसेल तर तो अशी दिशाभूल करतो. निवृत्तीनंतर ही नौका स्मारक म्हणून कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ आणण्यात आली. उथळ तळाची, वेगवान, किनाऱ्याला चिकटून लढणारी ही नौका कामाने गलबताच्या वंशातली आहे, आणि ज्या खाडीत मराठ्यांचे आरमार आकाराला आले तेथे तिला जागा मिळाली हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. तिच्याशेजारी गुराब आणि गलबत यांची मापे, तोफा आणि लढण्याची रीत सांगणारा सविस्तर फलकही असावा, कारण ती माहिती नसेल तर त्या जागेचा आणि नौकेचा संबंध पाहणाऱ्याला उमगणार नाही.

गेल्या काही वर्षांत दुर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थांनी महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर मातीत पडलेल्या तोफा बाहेर काढून त्यांना सागवानी गाडे बसवले आहेत, आणि हे काम मोलाचे आहे. या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती आहे की गंज खरवडण्यापूर्वी आणि तेल किंवा रंग लावण्यापूर्वी प्रत्येक तोफेच्या पाठीवरील, कानांवरील आणि बुडाशी असलेल्या खुणांचे छायाचित्र घ्यावे, नळीचा व्यास व लांबी मोजावी, कोरलेले अंक जसेच्या तसे उतरवावेत आणि गावातील वृद्ध त्या तोफेला काय म्हणतात तेही त्याच पानावर लिहून ठेवावे.